जीव खाणारा प्राणी काढताना

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी काय ऐकलं ते तुम्हाला कळेल. तुम्ही एक चित्रकादंबरी करताय. तीत माणसांचे आत्मे खाणारा एक प्राणी आहे. वर्षभरात त्याची तीसेक रूपं काढलीत आणि दर वेळी कागदावर तेच उतरतं: फाटका काळा झगा, आत कवटी, खोबणीत निळा उजेड, लांबलचक हाडांची बोटं. काय चुकतंय, आत्मा दाखवायचा कसा, आणि खाल्लेला आत्मा शेवटी परत मिळू द्यावा का, असे तीन प्रश्न तुम्ही विचारलेत.

मी वीसेक वर्षं पुस्तकांची मुखपृष्ठं, दिवाळी अंकांतल्या भयकथांची चित्रं आणि अलीकडे गेमसाठी प्राण्यांची आरेखनं करते. आत्मे खाणारे किती काढले याची मोजदाद नाही, पण त्यातले निम्मे तरी तुमच्यासारखेच झगेवाले होते. तेव्हा यात शहाणपण कमी आणि ठेचा जास्त आहेत असं समजून वाचा.

तुम्ही पाठवलेली पानं पाहिली. सगळी तोंडापासून सुरू झालेली दिसतात. आधी दात, मग जबडा, मग त्याभोवती जमेल तसा देह. खाणारा काय खातो हे ठरलेलंच नाही. गाय काढताना आपल्याला गवत ठाऊक असतं, म्हणून तिचे दात, मान, चार कप्प्यांचं पोट सगळं जागेवर बसतं. तुमच्या प्राण्याचं गवत कुठलं?

तुम्ही म्हणाल, आत्मा. पण इथेच मराठी माणसाची पंचाईत आहे. आपल्याकडे आत्मा खाता येत नाही. ‘नैनं छिन्दन्ति शस्त्राणि’ हा गीतेतला श्लोक ज्याने गीता उघडलीही नाही त्याच्याही कानावरून गेलेला असतो. शस्त्राने तुटत नाही, आगीत जळत नाही, पाण्याने भिजत नाही, वाऱ्याने वाळत नाही. मग दाताने चावणार कसा? एखाद्या कीर्तनकाराला तुमची कथा सांगितलीत तर तो हसून म्हणेल, तुमचा राक्षस उपाशीच मरायचा. युरोपातल्या चित्रकाराला ही अडचण नव्हती. मध्ययुगीन चित्रांत आत्मा म्हणजे वीतभर उंचीचा नागडा माणूस. त्याला धरता येतं, उकळता येतं, चावता येतं. इटालियन कवी दान्तेचा सैतान तीन तोंडांनी तीन पापी सतत चघळत असतो. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातल्या बॉशच्या तीन फळ्यांच्या चित्रात, उजवीकडच्या नरकात, एक पक्ष्याच्या डोक्याचा प्राणी उंच खुर्चीवर बसून माणसं गिळतोय आणि खालून बाहेर टाकतोय. डोक्यावर मुकुटासारखी कढई. किळस आणि विनोद एकाच जागी. पण ते सगळं त्या समजुतीतून आलंय. तुम्ही त्या समजुतीशिवाय नुसता जबडा उचललात, म्हणून तो पोकळ वाटतो.

‘आत्माभक्षक’ हा शब्द आधी खोडा. तो भाषांतराचा शब्द आहे, त्याने चित्र सुचत नाही. त्याच्या जागी ‘जीव’ ठेवा आणि रोजची मराठी ऐका. आपण जीव मुठीत धरून पळतो. तो टांगणीला लागतो. भांड्यात पडतो. वरखाली होतो. तीळ तीळ तुटतो. कुणावर जडतो. कामात ओततो. आणि दुपारच्या झोपेत लुडबुडणाऱ्या पोराला आई म्हणतेच, ‘जीव खाऊ नकोस माझा.’ या वाक्प्रचारांकडे चित्रकाराच्या नजरेने बघा. जीव मुठीत मावतो, म्हणजे त्याला आकार आहे. भांड्यात पडतो, म्हणजे वजन आहे, पडताना आवाजही होत असेल. टांगता येतो. ओतता येतो, म्हणजे कधी कधी पातळ असतो. तिळातिळाने तुटतो, म्हणजे एका घासात खायची गरज नाही. वर्षानुवर्षं थोडा थोडा कुरतडणारा प्राणी मी तरी मुखपृष्ठांवर फारसा पाहिलेला नाही, पण तुमच्या-माझ्या ओळखीत तसं खाल्लं गेलेलं माणूस नक्की असतं.

माझं सांगणं एवढंच: खाणाऱ्याच्या आधी खाल्लं गेलेलं माणूस काढा. ते जमलं की प्राणी अर्धा आपोआप होतो. हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. महाभारताच्या वनपर्वात सत्यवानाचा प्राण जातो तो प्रसंग एकदा चित्रकार म्हणून वाचा. यम पाश टाकून अंगठ्याएवढा पुरुष, अंगुष्ठमात्र, सत्यवानाच्या शरीरातून बळाने ओढून काढतो. माप दिलेलं आहे. अंगठ्याएवढा. तुमचा ‘आत्मा दाखवायचा कसा’ हा प्रश्न तिथे एका शब्दात सुटतो. त्यानंतरची ओळ तर आमच्या धंद्यातल्या माणसानेच लिहिल्यासारखी आहे. प्राण काढून घेतलेलं, श्वास गेलेलं, हतप्रभ, निश्चेष्ट असं ते शरीर ‘अप्रियदर्शन’ झालं. भयंकर झालं, रक्तबंबाळ झालं असं काही नाही. बघवेना, इतकंच.

‘हतप्रभ’ आपण आता ‘अवाक्’सारखा वापरतो: निकाल ऐकून हतप्रभ झालो. मूळ अर्थ, ज्याची प्रभा मारली गेली तो. रंगाच्या भाषेत सांगायचं तर माणसाचा आकार तोच ठेवायचा, रेघही तीच, फक्त त्याच्या अंगावरचा उजेड काढून घ्यायचा. गालावरचा, नाकाच्या शेंड्यावरचा, खालच्या ओठावरचा आणि मुख्य म्हणजे बुबुळातला तो पांढरा ठिपका. एवढा एक ठिपका पुसून बघा. मी विद्यार्थ्यांना हे करून दाखवते तेव्हा वर्गात कुणीतरी हमखास ‘ई’ करतं. एकाच माणसाचे दोन चेहरे शेजारी काढते, सगळं सारखं, दुसऱ्यात फक्त ठिपके नाहीत आणि मधल्या छटा एक पायरी खाली आणलेल्या. झगा नाही, कवटी नाही.

त्याच प्रसंगात यमाचं वर्णनही वाचा. सावळा, लाल डोळ्यांचा, हातात पाश, भीतीदायक. आणि त्याच दमात, सूर्यासारखा तेजस्वी. घेणारा झगझगीत आणि ज्याच्याकडून घेतलं तो विझलेला. तुमच्या तीसही पानांत हे उलट आहे: प्राणी काळा आणि बिचारा माणूस उजेडात. एकदा उलटवून बघा. जो खातो त्याच्याकडे प्रकाश जायला नको का? खाल्लेलं जातं कुठे?

‘जातं कुठे’ यावर खेळांच्या दुनियेतल्या एका प्राण्याने चांगलं डोकं लढवलं होतं. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीतल्या राक्षसांच्या पुस्तकात डेव्हाउरर नावाचा एक उंच सांगाडा आहे. त्याच्या बरगड्यांच्या पिंजऱ्यात एक चिमुकली आकृती अडकलेली असते. तो त्या जिवाच्या बळावर आपल्या विद्या वापरतो आणि प्रत्येक वापरागणिक आतला जीव झिजतो. म्हणजे एका चित्रात तीन गोष्टी कळतात: काय खाल्लं, कुठे ठेवलं, कशासाठी. सांगाडाच आहे, पण त्या सांगाड्याला काम दिलेलं आहे. तुमच्या सांगाड्याच्या बरगड्या नुसत्या शोभेला आहेत. जपानी लोककथांतला ‘कप्पा’ नावाचा पाण्यातला प्राणी तर यापेक्षा अतरंगी. तो नदीत माणसाला ओढतो आणि गुदद्वारातून शिरिकोदामा नावाचा एक गोळा काढून घेतो, तोच त्याचा ऐवज. नदीकाठच्या पोरांना पाण्यापासून लांब ठेवायला याहून चांगली गोष्ट कोण रचणार?

आता भुकेबद्दल. झगेवाल्या प्राण्याची खरी उणीव मला ही वाटते की त्याला भूक लागलेली दिसत नाही. तो नोकरीवर आल्यासारखा दिसतो. भूक बघायची असेल तर वेरूळला २१ क्रमांकाच्या लेण्यात, रामेश्वरात जा. तिथे सप्तमातृकांच्या जवळ काल आणि कालीच्या हाडकुळ्या आकृती आहेत. मी तिथे स्केचबुक घेऊन एक अख्खी सकाळ बसले होते. दगड मऊ वाटावा अशा गुबगुबीत देवता एकीकडे, आणि लगेच हे सांगाडे. पहिला तास मी बरगड्याच मोजत बसले आणि चित्र काही होईना. मग लक्षात आलं की कारागिराने जोर बरगड्यांवर दिलेलाच नाही, तो बरगड्यांखालच्या खड्ड्यावर आहे. सावली तिथे साठते. जिथे पोट असायला हवं तिथे काहीच नाही. चामुंडेच्या मूर्तींत हेच आणखी ठळक होतं. पोट खपाटीला गेलेलं, आणि पुष्कळ मूर्तींत त्या खपाटीच्या पोटावर एक विंचू कोरलेला. गोव्यातल्या बेताळाच्या जुन्या दगडी मूर्तींवरही पोटावर असा विंचू सापडतो. त्याचे अर्थ वेगवेगळे लावतात. मला विचाराल तर भुकेचं याहून नेमकं चित्र नाही. भूक दिसत नाही, तिचा डंख दिसतो. तुमच्या प्राण्याच्या पोटावर काय आहे? झग्याच्या चुण्या.

कीर्तिमुख तुम्ही हजारदा पाहिलं असेल, त्यावरून पाय उचलून गाभाऱ्यात गेला असाल. सिन्नरच्या गोंदेश्वराला किंवा अंबरनाथच्या शिवमंदिरात पुन्हा जाल तेव्हा अर्धा तास फक्त त्या तोंडांसमोर बसा. गोष्ट पुराणातली आहे. जालंधर दैत्याचा निरोप घेऊन राहू शंकराकडे येतो आणि पार्वतीची मागणी करतो. शंकराच्या भुवयांमधून एक भुकेचं भूत झेप घेतं, राहूला खायला धावतं. राहू शरण येतो, शंकर त्याला सोडायला लावतो. मग ते भूत विचारतं, मी खाऊ काय? शंकर म्हणतो, स्वतःचे हातपाय खा. ते खायला लागतं आणि खात खात फक्त तोंड उरतं.

त्या तोंडाकडे जवळून बघा. वटारलेले गोल डोळे, फुगलेल्या गालांच्या घड्या, वरच्या दातांची ओळ, आणि पुष्कळ ठिकाणी खालचा जबडाच नाही. पहिल्यांदा मला वाटलं, झिजला असेल. मग एकामागून एक पाहिली आणि कळलं, कोरलेलाच नाही. खालचा जबडा नाही म्हणजे घास टिकत नाही. घसा नाही, पोट नाही. खातंय आणि काहीच आत जात नाही. एका वजाबाकीतून अखंड भूक दाखवली आहे. तुम्ही मात्र दात वाढवत गेलात. मीही वाढवले होते. एका प्रकाशकाने माझ्या मुखपृष्ठावर शेरा दिला होता, ‘अजून भीतीदायक करा, दात कमी वाटतात.’ मी निमूटपणे वाढवले. शेवटी चेहरा कंगव्यासारखा झाला. पुस्तक हातात आल्यावर माझ्या भाच्याने विचारलं, ‘हा केस विंचरतो का?’ तेव्हापासून दात काढायचे असले तर आधी एक काढून टाकते.

भूक अशी, तशीच वाट बघणंही. प्राचीन इजिप्तच्या मृतांच्या पोथ्यांत अम्मिट आहे. मगरीचं डोकं, पुढचा भाग सिंहाचा, मागचा पाणघोड्याचा. नाईलकाठच्या माणसाला ज्या तिघांची सर्वांत जास्त धास्ती, त्या तिघांचा एक प्राणी. मेलेल्याचं हृदय तराजूच्या एका पारड्यात, दुसऱ्यात मात या सत्याच्या देवतेचं पीस. हृदय जड भरलं तर अम्मिट ते खाते आणि माणूस दुसऱ्यांदा मरतो, कायमचा. इथेही आत्मा खात नाहीत हे ध्यानात घ्या. त्यांचा ‘बा’ माणसाच्या डोक्याचा पक्षी असतो, त्याला तोंड लावत नाहीत. खायचं ते हृदय, कारण साक्ष तेच देणार. म्हणून ममीच्या छातीवर ठेवायच्या दगडी भुंगेऱ्यावर हृदयाला विनवणी कोरत, माझ्याविरुद्ध उभं राहू नकोस. ब्रिटिश म्युझियमने १८८८ साली मिळवलेली, आनी नावाच्या माणसाची पोथी इसवीसनापूर्वी १२५०च्या सुमाराची. तीत अम्मिट लेखनिक थोथच्या मागे उभी आहे. नुसती उभी. तोंड मिटलेलं. ती खाताना दाखवत नाहीत, आणि कारण व्यवहाराचं आहे: पोथी ज्याने पैसे देऊन करून घेतली तो पास झालेला दाखवायलाच हवा. पण चित्र म्हणून काय साधलं बघा. काट्याकडे सगळ्यांचं लक्ष आणि मागे एक मिटलेला मगरीचा जबडा. तुमच्या कादंबरीत पहिल्या चाळीस पानांत प्राण्याने तोंड उघडता कामा नये असं मी म्हणेन. नंतरही शक्यतो नको.

पण तोंड उघडायचीच वेळ आली तर स्पॅनिश चित्रकार गोयाचा शनी, म्हणजे आपलीच पोरं खाणारा रोमन देव सॅटर्न, बघा. १८१९ ते १८२३च्या दरम्यान त्याने माद्रिदजवळच्या आपल्या घराच्या भिंतीवर तो रंगवला. नंतर भिंतीवरून कॅनव्हासवर उतरवला, आता प्रादोत आहे. नाव त्याने दिलेलं नाही, मागून पडलं. पोराला खाणारा तो म्हातारा आपल्याला घाबरवत नाही, तो स्वतः घाबरलेला आहे. डोळे बाहेर आलेत. त्याला थांबता येत नाहीये. खाणाऱ्याच्या चेहऱ्यावर क्रौर्य नसून भीती असली की वाचक गोंधळतो, आणि गोंधळलेला वाचक पान उलटत नाही, तिथेच थांबतो.

एक गोष्ट कळकळीने सांगते. अकबराच्या काळातल्या आईन-इ-अकबरीत अबुल फजलने सिंधच्या वर्णनात काळीज खाणाऱ्यांची हकिगत दिली आहे. नुसत्या नजरेने आणि मंत्राने ते माणसाला बेशुद्ध पाडतात, त्याच्यातून डाळिंबाच्या दाण्यासारखं काहीतरी काढून घेतात आणि आपल्या पोटरीत लपवून ठेवतात. पुढे तो दाणा विस्तवावर टाकला की ताटासारखा पसरतो, तो वाटून खातात, की इकडे माणूस संपतो. दाणा पोटरीतून काढून रोग्याला खाऊ घातला तर मात्र तो बरा होतो. चित्रकाराला हे घबाड आहे. डाळिंबाचा दाणा: लाल, पाणीदार, आतून उजेड असलेला, अंगठ्याहूनही लहान. पोटरीतली गाठ तर कुठल्याही शिंगांपेक्षा भारी. पण त्याच मजकुरात पुढे हेही आहे की हे लोक बहुतेक बायका असतात, आणि ओळखायचं कसं, तर दगड बांधून पाण्यात टाकायचं. बुडली नाही तर ती तीच. हे वाचून माझा ब्रश थांबला होता. ती परीक्षा कुणावर तरी झाली असणार.

आपल्याकडे हे फार लांबचं नाही. सातपुड्यात, नंदुरबारकडे, डाकीण ठरवून बायकांना मारहाण झाल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या बातम्या माझ्या पिढीने वाचल्यात. २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला तो अशाच गोष्टींसाठी. पश्चिम आफ्रिकेतही, नायजरच्या हौसा लोकांत, जीव खाणाऱ्या माणसाच्या पोटात खडे असतात अशी समजूत आहे, आणि तिथेही तो शेजारीपाजारीच शोधला जातो. म्हणून माझा स्वतःपुरता नियम: माझ्या चित्रात जीव खाणारं कधीही एकटी राहणारी म्हातारी नसते. केस पिंजारलेली, दात पडलेली, झोपडीतली बाई काढणं सोपं असतं, वाचक लगेच ओळखतो, आणि तेच मला नको आहे. तुमच्या आठव्या पानावर तशी एक आहे. ती काढून टाका ही माझी विनंती. त्याऐवजी खाणारा गावात मान असलेला, हसरा, भरल्या अंगाचा असू दे, ज्याच्या घरी सगळे सल्ला विचारायला जातात. पोटरीत दाण्यांची माळ.

आता धंद्याची एक गोष्ट, कारण तुमची कादंबरी छापायची आहे. तो निळा उजेड. पडद्यावर निळसर हिरवा झळाळ छान दिसतो कारण पडदा स्वतः उजेड फेकतो. कागद फेकत नाही. तो झळाळ चार रंगांच्या छपाईत बसतच नाही. माझ्या एका मुखपृष्ठावर स्क्रीनवर विजेसारखा दिसणारा जीव छापून आला तेव्हा फिनाईलच्या डबक्यासारखा दिसत होता. प्रूफ मागवलं नव्हतं, घाई होती, चूक माझीच. त्यानंतर मी जीव निळा करणं सोडलं. कागदाचा कोरा पांढरा हा तुमच्याकडचा सर्वांत मोठा उजेड आहे. तो वाटाण्याएवढाच ठेवा आणि भोवतालचं सगळं मधल्या, मळक्या छटांवर आणा. शेजारी थोडा गेरू किंवा काव टाकलात की पांढरा आपोआप थंड वाटतो. निळ्याचा एक थेंबही न वापरता.

काळ्याचंही तसंच. नुसती काळी शाई मोठ्या जागेवर करडी आणि थकलेली दिसते, म्हणून तिच्याखाली थोडा निळा, थोडा गुलाबी देतात. पण चारही रंगांची बेरीज ३०० टक्क्यांच्या वर नेलीत तर प्रेसवाला फोन करेल, आणि नाही केला तर पानं एकमेकांना चिकटतील. साध्या, शाई पिणाऱ्या कागदावर तर त्याच्याही बऱ्याच खाली राहावं लागतं. तुमच्या झग्याच्या आतले बारकावे, त्या चुण्या, ती फाटलेली किनार, यातलं छापून काहीही येणार नाही. एक काळा ठोकळा येईल. म्हणजे झगा टाकून द्यायला तांत्रिक कारणही मिळालं.

कामाला कसं लागावं ते सांगते. चार दिवस प्राणी काढूच नका. घरातलं कुणीतरी निवडा, त्यांच्या परवानगीने, आणि त्यांची रोजची एक कृती काढा. चहा गाळणं, चष्मा पुसणं, फोनवर हसणं. मग तीच कृती जीव गेलेल्या माणसाची काढा. तो मेलेला नाही, चहा गाळतोय. गाळणी कशी धरेल? सांडलेलं पुसेल का? मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा चष्मा पुसणारी बाई काढली होती. जीव गेल्यावरची बाईही चष्मा पुसतच होती, तितक्याच नीट, फक्त काच आधीच स्वच्छ होती आणि ती थांबत नव्हती. प्राणी मला त्या चित्रातून सुचला. तो बोटांच्या फटींतून येणारा, पुसल्यासारखा खाणारा निघाला, दातांचा त्यात संबंधच नव्हता. तुमचा वेगळा निघेल. त्यानंतर त्याची फक्त काळी छायाकृती काढा, सुपारीएवढी, वीस-पंचवीस. त्या आकारात जो ओळखू येईल तोच ठेवा.

राहिला तिसरा प्रश्न, जीव परत मिळू द्यावा का. लोककथेने रस्ता मोकळा ठेवलेला आहे. राक्षसाचा जीव पोपटात असतो, पोपटाची मान पिरगळली की तिकडे राक्षस पडतो. जीव देहाबाहेर ठेवता येतो हे ज्या कथेला मान्य आहे तिला तो परत आणणंही मान्य असणार. डाळिंबाचा दाणाही परत खाऊ घालता येतो. तेव्हा द्या परत. पण काहीच झालं नव्हतं अशा थाटात नको.

पुन्हा सत्यवानाकडे जा. तो जागा होतो आणि म्हणतो, फार वेळ झोपलो, मला उठवलं का नाहीस? आणि तो सावळा पुरुष कुठे गेला, ज्याने मला ओढलं? सावित्रीने बाहेरून पाहिलेला यम सूर्यासारखा होता. ज्याला ओढून नेलं त्याला आठवतो तो फक्त एक सावळा माणूस आणि ओढ. एकच प्रसंग, दोन चौकटी, दोन वेगळे रंग. हे तुम्हाला आयतं मिळालंय. त्यानंतर रात्र झालेली असते, सत्यवानाच्या अंगात बळ नसतं, घरी म्हातारे आईवडील वाट बघत असतात. सावित्री फळांची टोपली झाडाच्या फांदीला टांगून ठेवते, कुऱ्हाड स्वतः उचलते, नवऱ्याचा हात आपल्या डाव्या खांद्यावर घेते आणि दोघं अंधारात चालू लागतात. टोपली, कुऱ्हाड, खांद्यावरचा हात. त्याच्या डोळ्यांतला पांढरा ठिपका त्या चौकटीत परत द्यायचा की पुढच्या पानावर, हे मी तुमच्यावर सोडते. मी काढलं असतं तर एकाच डोळ्यात दिला असता.